उजेडाने खाल्लेले हात

परवा बसस्टँडवरच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. शेजारच्या बाकावर गावातलाच एक पोरगा दुसऱ्या पोराला ऐटीत सांगत होता, "तलाव तं आपल्या बायायनंच घालवला ना. टायमावर एकीनंही हात वर नाही केला." मी विचारलं, "कोणं सांगतलं तुले?" तो हसला. म्हणाला, "सारं गाव सांगते, मामाजी. शुटिंग हाये त्याची."

शुटिंग हाये! त्या शुटिंगचा कॅमेरा या पोराच्या जन्माआधी माझ्या खांद्यावर होता. चहा तसाच ठेवून उठलो. घरी येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं आणि हे लिहायला बसलो तरी ते उतरलेलं नाही. उतरावं असं मला वाटतही नाही. बाई गेली, तिला ओळखणारे एकेक करून चालले, आणि खोटं मात्र धडधाकट आहे. त्याला नवी पोरं होताहेत.

बाई म्हणजे माझी मोठी बहीण, सिंधू. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाईच म्हणतात. आई गेली तेव्हा मी शेंबडा पोरगा होतो. बाईचं नुकतंच लग्न झालं होतं. तिने माझा हात धरला आणि मला आपल्या सासरी, कोंढ्याच्या बाजूच्या या गावी घेऊन आली. बहिणीच्या सासरी वाढणाऱ्या भावाला सारं गाव मामा म्हणतं, म्हणून मी पोरवयापासूनच गावाचा मामा झालो. सासर ढिवरांचं, मासेमारीवर जगणारं. अंगणात बांबूंवर जाळी वाळत असायची आणि वारा सुटला की त्यांच्या काठाचे शिशाचे मणी एकमेकांवर आपटत. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. पहाटे बाई तलावात छातीभर पाण्यात उतरून शिंगाडे काढी, टोपलं डोक्यावर घेऊन पवनीच्या बाजारात जाई, आणि परत येऊन चूल पेटवी. तिच्या स्वयंपाकाला तलावाचा वास असे. भाताबरोबर लहान मासोळ्यांचं आंबट, हिवाळ्यात लाखोरीचे वडे, जवसाची चटणी, आणि शिंगाड्याच्या दिवसांत उकडलेल्या शिंगाड्यांची काळी साल साऱ्या ओसरीभर. भाऊजी तापाने गेले. त्या दिवसापासून बाईच्या हातात बांगडी नव्हती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, पुढे लागणार आहे. तिला मूलबाळ नव्हतं. मीच होतो. मिशा आल्या, मिशांत पांढरा केस आला, तरी ती मला ताट वाढून समोर बसे आणि म्हणे, "बाबू, अजून घे ना भात. काहून पोराठोरासारखा चिवडत बसला?" लोक वयात येतात तेव्हा मोठे होतात. मी चाळिशीच्या उंबऱ्यापर्यंत पोरगाच राहिलो, आणि ज्या दिवशी मोठं होण्याची वेळ आली त्या दिवशी मी मागे सरलो.

कॅमेरा मी पवनीला रफिकभाईंकडे शिकलो. त्यांचा फोटो स्टुडिओ होता आणि व्हिडिओचं काम त्या दिवसांत नवं नवं जोरात आलं होतं. जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला होता, पण लग्नं काही जिल्हा पाहून लागत नाहीत. आम्ही साकोलीच्या पलीकडेही जायचो. रफिकभाईंचा पहिला कॅमेरा त्यांच्या मेव्हण्याने परदेशातून आणला होता. तो सेकंदाला तीस फ्रेम घ्यायचा. आपल्या ट्यूबलाइटखाली त्यात सारं चित्र फडफडायचं, नवरा-नवरी जणू वीज पडल्यासारखे लुकलुकायचे. "अपनी बिजली पन्नास की चाल चलती है, बाबू," ते समजावत. "तो फ्रेम पंचवीस, अन् शटर पन्नासावा. एका सेकंदाचे पन्नास तुकडे केले तर त्यातल्या एका तुकड्यापुरतं दार उघडायचं. उजेड आत, दार बंद. समझा?" मग अंधारात काय करायचं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी तीन रस्ते सांगितले. एक, दिवा लावा. दोन, गेन वाढवा, म्हणजे यंत्र आतल्या आत उजेड फुगवतं, पण चित्रावर मुंग्या चढतात. तीन, दार जास्त वेळ उघडं ठेवा. पंचविसावा शटर, बारावा, अगदी सहावा. मी म्हणालो, हे तर तलावाच्या पाण्यासारखं झालं, दार जास्त वेळ उघडं तर धानाच्या बांधीत जास्त पाणी. ते म्हणाले, "हां. लेकिन गढूळ पानी."

गढूळ म्हणजे काय ते त्यांनी हात हलवून दाखवलं. सहाव्या शटरवर यंत्र सेकंदाला पंचवीस फ्रेम टेपवर भरतं खरं, पण खरी चित्रं सहाच असतात. तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवून मोजणी पुरी करतं. जे जागेवर आहे ते उजळ आणि सुंदर येतं. जे हलतं ते फासलं जातं. आणि हलणाऱ्या काळ्या वस्तूच्या मागे उजेड असेल, तर मागचा उजेड तिला खाऊन टाकतो. ती वस्तू तिथे होती याची खूणसुद्धा उरत नाही.

हे सगळं मला माहीत होतं. कोणी म्हणेल, बिचाऱ्याला ठाऊक नव्हतं. नाही. मला तोंडपाठ होतं.

पण लग्नाच्या कामाने आम्हाला एक खोड लागली होती. मांडवात वीज जायची, पेट्रोमॅक्सच्या पिवळ्या उजेडात विधी चालायचे, आणि वरबाप टेप पाहताना एकच म्हणायचा, "तोंड दिसलं पायजे." लग्नात माणसं पुतळ्यासारखी बसतात. नवरी तर मान वर करत नाही. तिथे सहावा शटर चालून जातो, तोंडं पिठासारखी गोरी येतात, वरबाप खूश. कॅमेरा काळोखात गेला की माझा अंगठा आपोआप त्या बटणावर जाई.

आता तलावाचं सांगतो. तलाव ग्रामपंचायतीचा होता आणि त्याचा ठेका पिढ्यान् पिढ्या गावातल्या ढिवरांच्या सोसायटीकडे होता. त्या वर्षी बाहेरचा एक ठेकेदार आला. तो म्हणे माशांचं बी टाकणार, पाळीवर राखणदार बसवणार. सरपंच त्याच्या बाजूचा. पण ठेका कुणाला द्यायचा हे ग्रामसभेने हात वर करून ठरवायचं होतं, आणि सभेची शुटिंग करून टेप तालुक्याला पाठवायची होती. पुरुषांत फूट होती. ढिवर सोसायटीच्या बाजूने, बाकीचे बरेच ठेकेदाराच्या जेवणावळीने बांधलेले. बाया मात्र साऱ्या जातींच्या एक झाल्या होत्या, कारण राखणदार बसला की कपडे धुणं बंद, म्हशी धुणं बंद, शिंगाडा बंद. ही एकी बाईने केली. घरोघर फिरून. बौद्ध वाड्यात, तेल्यांच्या आळीत, सगळीकडे. उंबऱ्यावर बसून ती एवढंच म्हणे, "माय, हात तेवढा वर करा. बोलाचं काम नाही."

बोलायचं काम नाही हेही तिने विचार करूनच म्हटलं होतं. सभेत समोर सासरा बसलेला, भासरा बसलेला. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. त्याच्यासमोर सून पदर सोडत नाही, आवाज काढत नाही, आणि हात वर करायचाच झाला तर असा करते की वीज चमकून जावी. कोपरातून झटकन वर, तेवढ्याच झटकन पदराआड. ती त्यांची रीत होती. गावात कुणालाही विचारा.

स्वातंत्र्यदिनाची सभा. झेंडावंदन आटोपून लोक समाजमंदिरात आले. आभाळ इतकं भरून आलं होतं की दुपारी दिवे लावावेत, आणि वीज तर सकाळपासूनच नव्हती. झड आत येते म्हणून खिडक्या लावून घेतल्या. उघडं एकच, मागचं मोठं दार. पुरुष पुढे सतरंजीवर, तोंड टेबलाकडे. बाया मागे, दाराला पाठ देऊन. मी टेबलाच्या बाजूला कॅमेरा घेऊन उभा, साऱ्यांच्या समोर. म्हणजे माझ्या चित्रात पुढे काळी डोकी, मागे पांढराफटक दरवाजा, आणि त्या दरवाजासमोर बाया.

सुरुवातीला मी पन्नासाव्या शटरवरच होतो. चित्र काळं होतं, मुंग्या होत्या, पण जो हलेल तो दिसत होता. सरपंच उठून माझ्याजवळ आले, कॅमेऱ्याच्या बाजूच्या पडद्यात डोकावले.

"का बे बाबू, हे काय कोळसा काढून राहिला?"

"उजेड नाही ना, सरपंचजी."

"वर सायब लोक पाहातेत. तोंडं दिसली पायजे का नाही? लग्नात तं मोठी गोरी गोरी काढते लोकायले."

पुढच्या रांगेतले हसले. बाईचा भासरा डोमाजी मोठ्याने म्हणाला, "आमाले बी गोरं कर गा मामा, पोरीवाले पाहाले येऊन राहिले." पुन्हा हशा. आणि मीही हसलो. हसता हसता माझा अंगठा बटणावर गेला. पंचविसावा. बारावा. सहावा. चित्र उजळलं. सरपंचांनी पाठीवर थाप मारली. "आता कसं!"

त्यांना शटर कळत होतं असं मी म्हणणार नाही. ते उजेडच मागत होते. कळत मला होतं. आणि मला कळत असताना मी मागच्या दाराकडे पाहिलंसुद्धा नाही, कारण पडद्यावर डोमाजीचं तोंड फार सुरेख दिसत होतं.

ग्रामसेवकाने विचारलं, "ठेका सोसायटीले द्यावा असं ज्यायले वाटते त्यायनं हात वर करा." ढिवर पुरुषांचे हात वर गेले आणि राहिले. आणि मागून एक आवाज आला, बांगड्यांचा, एकदम, जणू कोणी काचेच्या मण्यांचं टोपलं उलटं केलं. साऱ्या बायांचे हात एका झटक्यात वर गेले आणि खाली आले. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं, कॅमेऱ्याच्या वरून. बाईचाही हात पाहिला. ग्रामसेवकाने पाहिला, सरपंचांनी पाहिला. पुढे बसलेल्या पुरुषांनी पाहिला नाही, कारण त्यांची पाठ होती. ग्रामसेवकाने मोजलं आणि ठराव सोसायटीच्या बाजूने लिहिला. त्या संध्याकाळी बाईने वडे तळले. अंगणात बाया बसून हसत होत्या, एकमेकींच्या हात वर करण्याची नक्कल करत होत्या. "तू तं माशी हाकलल्यावाणी केला वं!" "अन् तू वं? तुया हात सासऱ्याच्या टोपीले लागला असता."

ठेकेदाराने तक्रार केली. मोजणी खोटी आहे म्हणाला. तालुक्याला साहेबांनी टेप लावायला सांगितली. सोसायटीचे चार लोक, सरपंच, ग्रामसेवक, आणि टेप माझी म्हणून मी. टीव्हीवर ती सभा आली. काय सुंदर चित्र! प्रत्येक पुरुषाचं तोंड ओळखू येत होतं. ग्रामसेवकाचा आवाज आला, ढिवरांचे हात वर गेले, आणि मागे, पांढऱ्या दरवाजासमोर, बाया मुकाट बसलेल्या. एक धुरकट थरथर गेली, तिला हात म्हणणं अवघड होतं. मग ठेकेदाराच्या बाजूचे हात. ते जास्त दिसत होते.

"बाया तर बसूनच आहेत," साहेब म्हणाले.

सोसायटीचा अध्यक्ष ओरडला, "सायब, आवाज ऐका ना! बांगड्या वाजून राहिल्या."

"बांगड्यांना मत नसतं," साहेब म्हणाले, आणि स्वतःच्याच वाक्यावर हसले.

ते वाक्य मी विसरलेलो नाही. आणि आणखी एक गोष्ट माझ्याशिवाय कोणाच्या ध्यानात आली नाही. बाईच्या हातात बांगडी नव्हती. बाकीच्यांचा निदान आवाज टेपवर आहे. जिने हे सारं उभं केलं, तिचा तेवढासुद्धा नाही.

ग्रामसेवक खाली पाहत बसला. आपण काय मोजलं हे सांगायला त्याला एक तोंड होतं, ते त्याने उघडलं नाही. साहेबांनी मला विचारलं, "टेप तुमचीच? काही कापाकाप?" मी म्हणालो, "नाही सायब, जशीच्या तशी आहे." ते खरं होतं. वर्षानुवर्षं मी त्या खऱ्याच्या आड लपून राहिलो. मला कोणी विचारलं नाही, शटर किती होता. न विचारताच सांगायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं: सायब, या शटरवर हलणारा हात दिसत नाही, कॅमेरा आणतो, आत्ता दाखवतो. मी ते गिळलं. ठराव रद्द झाला.

घरी आलो तेव्हा बाई जाळं शिवत होती. सारं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्या केला ना रे हात वर. तुनं पाह्यला."

"पाह्यला."

"मंग तुया मशीननं काहून नाही पाह्यला?"

मी कॅमेरा काढला. दिवस कललेला होता, आतल्या खोलीत अंधार आणि दारातून उजेड. तिला दारात उभी केली. सहाव्या शटरवर म्हणालो, कर हात वर, जसा सभेत केला तसा. मग पन्नासाव्यावर पुन्हा. घरातल्या टीव्हीला तार लावली. पहिल्या चित्रात बाईचा चेहरा छान उजळ, पण हात वर गेलाच नाही, खांद्यापाशी थोडं धुकं. दुसऱ्यात सारं काळं, मुंग्याच मुंग्या, चेहरा ओळखू येईना, पण हात होता. बोटं होती. शिंगाड्याच्या काट्यांनी फाटलेला अंगठासुद्धा.

बाईने दोन्ही चित्रं पुन्हा लावायला सांगितली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"म्हंजे याले अंधार पायजे होता," ती म्हणाली, "अन् तुनं उजेड देला."

"सरपंच म्हणाले..."

"सरपंच कायले म्हनन? बटन त्याच्या हातात होतं का?"

मग ती म्हणाली, उद्या ही मशीन घेऊन तालुक्याला जा आणि साहेबाला हेच करून दाखव. मी हो म्हणालो. निघालोही. पण आधी सरपंचांना कानावर घालावं म्हणून त्यांच्या घरी गेलो. तिथे चहा झाला, पोहे झाले, आणि ते प्रेमाने म्हणाले, "पाय बाबू, तुई मशीन खोटी हाय असं तूच सांगत हिंडशील, तं लग्नं कोण देईल तुले?" मी तिथूनच परत फिरलो. बाईला सांगितलं, साहेब भेटले नाहीत. तिने ताट वाढलं. त्या दिवशी ती समोर बसली नाही.

तलाव गेला. पाळीवर राखणदार आला, त्याने शिंगाड्याचे वेल उपटून फेकले, धुण्याचे दगड हलवले. अंगणातली जाळी गुंडाळून माळ्यावर गेली. आणि मग ती गोष्ट सुरू झाली, जी परवा मी टपरीवर ऐकली. पुरुषांना दोष द्यायला कोणीतरी हवं होतं. टेप पाहिलेल्यांनी सांगितलं, न पाहिलेल्यांनी वाढवलं. बाया ऐनवेळी घाबरल्या. बायांनी ठेकेदाराची लुगडी घेतली. डोमाजी, ज्याच्या पाठीमागे बसून बाईने हात वर केला होता, चारचौघांत म्हणायचा, "आमच्या घरची सून गावभर हिंडली, अन् टायमावर मुकी झाली." एकदा माझ्यासमोर म्हणाला. तिच्याही समोर. ती मासळी साफ करत होती. तिने माझ्याकडे मान वर करून पाहिलं. एवढंच. मी काय करत होतो? कॅमेऱ्याची बॅटरी चार्जिंगला लावत होतो.

पुढच्या ग्रामसभेला विषय नळाच्या पाईपचा होता. तेच समाजमंदिर, तेच दार, आणि आभाळ नसलं तरी आत काळोख. वीज नव्हतीच. सरपंच म्हणाले, "मागच्यावाणीच काढ, मस्त उजेडात." आणि मी शटर सहाव्यावरच ठेवला. इतकं होऊनही.

ग्रामसेवकाने विचारलं, पाईप ढिवरपुऱ्यापासून टाकावा असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा. बांगड्या वाजल्या, हात वर गेले, खाली आले. एक खाली आला नाही. बाई दारासमोर बसली होती, पदर डोक्यावर, हात सरळ वर, मनगट ताठ. पुरुषांनी माना वळवून पाहिलं. डोमाजी म्हणाला, "सिंधू, झालं ना आता. खाली घे."

बाई भासऱ्यासमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलली. "याच्या मशीनचं पाहणं झालं नाही अजून."

कोणी हसलं. मग हसणं थांबलं. शेजारच्या बाईने आपला हात पुन्हा वर केला आणि तसाच ठेवला. मग तिच्या शेजारच्या म्हातारीने. मग हळूहळू साऱ्यांनी. ग्रामसेवक मोजत राहिला. बाई माझ्याकडे पाहत नव्हती, कॅमेऱ्याच्या काचेत पाहत होती, आणि तिचा हात कापत नव्हता.

ती टेप माझ्याकडे आहे. पाईप ढिवरपुऱ्यापासूनच पडला, तलाव काही परत आला नाही. टेपवर दरवाजा पांढराफटक आहे आणि त्याच्यासमोर सारे हात काळे, स्पष्ट, मोजता येतील असे उभे आहेत. रफिकभाईंनी शिकवलं होतं, जे जागेवर आहे ते या शटरवर सुंदर येतं. गावातल्या बायांना ते कोणी शिकवलं नव्हतं. बटण मी फिरवायचं होतं. मी फिरवलं नाही, म्हणून बाईने हात वरच थांबवला.